गाडीला हार घालण्याआधी



खंडेनवमीला आपल्याकडे औजारांची पूजा होते. नांगर, विळा, कुऱ्हाड, फवारणीचा पंप हे सारे धुऊनपुसून ओळीने मांडले जाते, आणि आता त्यांच्या शेजारी घरातली मोटारसायकलही उभी असते. ज्याच्यावर आपले पोट चालते त्याची वर्षातून एकदा आठवण करावी, ही रीत चांगलीच आहे. पण आज मला त्या हाराच्या आधी करायच्या एका कामाविषयी बोलायचे आहे.

गेल्या खंडेनवमीला मी एका गावी रब्बी ज्वारीच्या बीजप्रक्रियेविषयी सांगायला गेलो होतो. काम आटोपल्यावर ओळखीच्या एका घरी चहाला थांबलो. अंगणात त्यांची अठरा वर्षांची मोटारसायकल नुकतीच धुऊन ठेवली होती. झेंडूचा हार ओवणे चालू होते. हे दूधदुभत्याचे घर. स्वतःचे आणि शेजारच्या दोन घरांचे दूध रोज पहाटे मुलगा आणि संध्याकाळी बाप, याच गाडीवर पाच किलोमीटरवरच्या संकलन केंद्रावर नेतात.

मी टेकतो न टेकतो तोच मुलगा म्हणाला, "साहेब, तुम्हीच अण्णांना सांगा. उद्या दसरा आहे. मुहूर्तावर नवी गाडी घेऊ म्हणतोय. कर्ज मिळतंय. ही आता पेट्रोल फार खाते, आणि चारचौघांत लाज वाटते."

अण्णा म्हणाले, "साहेब, ही गाडी अजून एका किकमध्ये सुरू होते. हिच्यावर तीन म्हशींचे पैसे फेडले, पोरीचं लग्न केलं. आता हिला भंगारात काढायची? आणि हप्ता कोण भरणार?"

दोघांचेही बोलणे खरे होते. मी काय निवाडा देणार? तेवढ्यात वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "नवी आणा नाहीतर जुनी ठेवा. मला एवढंच सांगा भाऊजी, ही गाडी अंधारात मागच्याला दिसते का? ऊस सुरू झाला की रस्त्यानं ट्रॉल्या सुरू होतात. संध्याकाळी पुलापाशी ह्यांच्या गाडीचा आवाज येईस्तोवर माझा जीव थाऱ्यावर नसतो."

मंडळी, बाप-लेकाच्या वादात खरा प्रश्न त्या माउलीने विचारला. गाडी जुनी की नवी, हा नंतरचा प्रश्न. ती थांबते का, दिसते का आणि तिचे कागद जिवंत आहेत का, हे तीन प्रश्न आधीचे. मी चहा बाजूला ठेवला आणि आम्ही तिघांनी मिळून गाडी तपासली. काय सापडले ते तुम्हालाही सांगतो, कारण तुमच्यापैकी पुष्कळांच्या अंगणात हीच गाडी उभी असेल.

पहिले, दिसणे. मुलाला गाडीवर बसवून मी मागे उभा राहिलो. मागचा लाल दिवा बंद. ब्रेक दाबला तरी दिवा लागेना. अण्णा म्हणाले, "बल्ब मागल्या दिवाळीपासून गेलाय." म्हणजे जवळजवळ वर्षभर हा माणूस तिन्हीसांजेनंतर रस्त्यावर होता आणि मागून येणाऱ्याला दिसत नव्हता. मग आम्ही दुधाच्या किटल्या अडकवून पाहिल्या. बल्ब चालू असता तरी किटल्या आणि वर बांधलेले पेंडेचे पोते यांच्या आड तो निम्मा झाकलाच असता. यावर उपाय सोपा आहे. बल्ब बदलावा, आणि किटल्यांच्या मागच्या बाजूलाच लाल परावर्तक पट्टी चिकटवावी. चमकणारी ती पट्टी ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळते. तिला ना वायर लागते ना बॅटरी. मागच्या गाडीचा उजेड पडला की ती उजळते.

पुढच्या दिव्याचेही पाहावे. पुष्कळशा जुन्या मोटारसायकलींत पुढचा दिवा बॅटरीवर चालत नाही, इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या विजेवर चालतो. म्हणून इंजिन मंदावले की दिवा मंदावतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर आपण गाडी हळू करतो आणि नेमका तेव्हाच उजेड कमी होतो. काच धुळीने पिवळी पडली असेल, आतला आरसा काळा झाला असेल, तर उरलेला उजेडही जातो. काच-आरशाचा तो जोड बदलून घेतला की जुनीच गाडी नव्यासारखी उजळते.

हीच गोष्ट ट्रॅक्टर-ट्रॉलीची आणि बैलगाडीची. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक, बाजूंना पिवळे आणि पुढे पांढरे असावेत. उसाच्या मोळ्या बाहेर आल्या की ट्रॉलीचे परावर्तक झाकले जातात, म्हणून भरल्यावर एकदा मागे जाऊन पाहावे. रात्री ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी राहिली, तर मागे चार दगड ठेवून भागत नाही. दगड अंधारात दिसत नाहीत, आणि ट्रॉली हलल्यावर ते उचलायचे कुणाला आठवतही नाही. त्यापेक्षा घडीचा लाल परावर्तक त्रिकोण ट्रॅक्टरच्या पेटीत कायम ठेवावा आणि तो पुरेसा मागे, येणाऱ्याला वेळेवर दिसेल असा मांडावा.

दुसरे, थांबणे. अण्णांच्या गाडीचा मागचा ब्रेक पार तळाला जात होता. ड्रमच्या ब्रेकला बाहेरच्या बाजूस एक बाणाची खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण समोरच्या खुणेला भिडला, तर आतले लायनर संपले असे समजावे. त्यांचा बाण खुणेच्या पुढे गेला होता. पुढचा ब्रेक तर ते वापरतच नव्हते. "पुढचा दाबला की गाडी उलटते," असे त्यांना कुणीतरी तरुणपणी सांगितले होते, आणि तेवढ्यावर त्यांनी अठरा वर्षे काढली.

हा समज गावोगाव आहे, म्हणून नीट सांगतो. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, पुढचे चाक रस्त्यावर घट्ट दाबले जाते आणि मागचे हलके होते. म्हणून गाडी थांबवण्याचे जास्तीचे काम पुढचे चाकच करू शकते. एकटा मागचा ब्रेक दाबला तर चाक घसरते आणि गाडी थांबायला लांब जाते. सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक बरोबरीने, हळूहळू दाब वाढवत लावावेत. वळणावर, खडीवर किंवा चिखलात मात्र पुढचा ब्रेक झटक्याने लावू नये. तिथे आधीच वेग कमी करावा. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी जाते आणि ब्रेक लागत नाही. पलीकडे गेल्यावर चालत्या गाडीत दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबून तो सुकवून घ्यावा.

वेगाचा हिशोबही ध्यानात ठेवा. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. पुढे काही आडवे आलेले दिसून हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंत एखादा सेकंद जातोच. तेवढ्यात गाडी दहा मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेक लागायला तर अजून सुरुवात झालेली नसते. वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. त्यात ओझे धरा. दूध पाण्यापेक्षा थोडे जडच असते. चाळीस लिटरच्या दोन किटल्या भरल्या की ८० किलोंच्या वर वजन झाले, किटल्यांचे वजन वेगळेच. म्हणजे मागे एक धडधाकट माणूस बसवल्यासारखे झाले. अर्धवट भरलेली किटली तर आणखी वाईट, कारण वळणावर आतले दूध हेलकावते आणि गाडीला ओढते. किटल्या दोन्ही बाजूंना सारख्या भराव्यात आणि शक्य तितक्या खाली, घट्ट बांधाव्यात.

ट्रॅक्टरवाल्यांनी या ठिकाणी एक गोष्ट पाहावी. शेतात वळण्यासाठी ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात. रस्त्यावर येताना दोन्ही पायटे जोडणारी कडी अडकवलीच पाहिजे. ती सुटी राहिली आणि पाय एकाच पायट्यावर पडला, तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो आणि मागची भरलेली ट्रॉली त्याला ढकलून उलटवते. आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो. म्हणून उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल कधीही करू नये. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे.

या ब्रेकच्या बाबतीत मी तुम्हाला शहाणपण शिकवतो, पण ते मला फार महागात मिळाले आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी एक जुनी फटफटी वापरत होतो. फिटरने सांगितले होते की मागच्या ब्रेकचे लायनर गेले आहेत आणि दांडीचा नट ढिला आहे. मी म्हटले, एक तारखेला पगार झाला की करू. त्याआधीच एका उतारावर शेळ्यांचा कळप आडवा आला. मी ब्रेक दाबला आणि पाय तसाच खाली गेला. गाडी चारीत गेली. मला खरचटण्यावर निभावले. मागे बसलेल्या माझ्या सहकाऱ्याचा हात मोडला, आणि तो पुढे कधी पूर्ण सरळ झाला नाही. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. पण ते डाव्या हाताने सही करायला शिकले, तेव्हा मी तिथे होतो. दोष गाडीचा नव्हता, तिच्या वयाचाही नव्हता. तो माझा होता.

आता जुन्या गाडीच्या पोटापाण्याविषयी. आपल्याकडे खेड्यात गाडी आली ती सायकलनंतर. १९७२ साली लुना निघाली आणि ५० सीसीच्या त्या पायंडलच्या गाडीने मास्तर, ग्रामसेवक, दूधवाले यांना सायकलवरून उचलले. राजदूत होती, पुढे एम-८० आली. या गाड्यांचे इंजिन दोन फेऱ्यांचे. त्यांत पेट्रोलबरोबर ऑइलही जळते, त्यामुळे ते पेट्रोलात मिसळायचे असते. १९८५ पासून हिरो होंडाची सीडी-१०० आणि १९९४ पासून स्प्लेंडर आली. ही चार फेऱ्यांची इंजिने कमी पेट्रोलात धावू लागली. पण त्यांच्या पोटात ऑइल वेगळे असते. ते पेट्रोलबरोबर भरले जात नाही. ते वेळेवर बदलावे लागते आणि मधूनमधून त्याची पातळी पाहावी लागते. लुनावर शिकलेल्या पिढीला ही सवयच नव्हती, आणि ती सवय नसल्याने किती चांगली इंजिने मी जाम झालेली पाहिली आहेत!

ऑइल पाहताना गाडी सपाट जागी मोठ्या स्टँडवर उभी करावी. ऑइल काळे आणि पातळ झाले असेल तर बदलावे. माहितीपुस्तिकेत दिलेले किलोमीटर पाळावेत, आणि धूळ व ओझे जास्त असेल तर त्याआधीच बदलावे. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातले ऑइल मोटारसायकलमध्ये ओतू नये. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो. तिच्यासाठी बनवलेले ऑइल नसेल तर क्लच घसरू लागतो. एअर फिल्टर फोमचा असेल तर धुता येतो, कागदाचा असेल तर बदलावा. आपल्या फुफाट्याच्या रस्त्यावर तो लवकर भरतो, आणि मग गाडी पेट्रोल पिऊ लागते. चेन मधोमध बोटाने वरखाली करून पाहावी. दोन-तीन सेंटिमीटर हलली तर ठीक. त्याहून सैल असेल तर ती सुटून चाकात अडकते, फार ताठ असेल तर लवकर तुटते. टायर घासून गोटा झाला असेल तर पावसात कोणताही ब्रेक उपयोगाचा नाही.

पेट्रोलविषयी एक नवी गोष्ट लक्षात घ्या. आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले पुष्कळसे आपल्याच उसापासून आणि मक्यासारख्या धान्यापासून झालेले. तेव्हा त्याचा राग धरायचे कारण नाही, पण त्याचा स्वभाव ओळखावा. इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकीत पाणी शिरले तर इथेनॉल पाण्यासह तळाला बसते आणि गाडी आचके देऊन बंद पडते. म्हणून टाकीच्या झाकणाचे रबर चांगले असावे आणि पावसाळ्यात गाडी उघड्यावर ठेवू नये. १ एप्रिल २०२३ पासून तयार होणाऱ्या गाड्यांचे भाग या मिश्रणाला धरून बनवलेले असतात. त्याआधीच्या, विशेषतः फार जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या मधूनमधून वाकवून पाहाव्यात. चिरा किंवा पाझर दिसला तर नळी लगेच बदलावी, कारण खाली तापलेले इंजिन असते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा ताकद कमी असल्याने गाडी थोडी कमी पळणार, हेही धरून चाला.

बायाबापड्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट राहिली. किटल्या अडकवायच्या म्हणून अण्णांनी मागच्या चाकाची साडीगार्डची जाळी काढून टाकली होती. त्याच गाडीवरून वहिनी बाजाराला जातात आणि सूनबाई दवाखान्यात. पदर किंवा ओढणी चाकात गेली की माणूस सावध व्हायच्या आत खाली ओढला जातो. जाळी तशीच ठेवून किटल्यांचा कडा तिच्या बाहेरून बसवून घेता येतो. गावातला वेल्डर ते काम करून देतो. मागे बसणाऱ्या बाईने पदर खोचून, ओढणी बांधून बसावे. आणि हेल्मेट चालवणाऱ्याने घालावे तसे मागे बसणाऱ्यानेही घालावे. डोके दोघांचे सारखेच.

तिसरे, कागद. हे मी शेवटी विचारले, आणि तिथेच अंगणातली सगळी माणसे गप्प झाली. गाडी अण्णांनी सहा वर्षांपूर्वी मेहुण्याकडून घेतली होती. पुस्तकावर नाव अजून मेहुण्याचेच. दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. ती तीन वर्षांपूर्वीच संपली होती. विमा तर त्याही आधीचा.

मी त्यांना सांगितले ते तुम्हालाही सांगतो. दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. तो नसल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड आहे. पण दंड ही लहान गोष्ट. विमा नसलेल्या गाडीने रस्त्यात कुणाला जायबंदी केले, तर भरपाई मालकाच्या गळ्यात पडते, आणि मालक म्हणजे पुस्तकावर ज्याचे नाव तो. इथे मेहुण्याचे घर बिनकारण अडकले असते. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे गाडी आमची आणि शेत माझ्या भावाचं जायचं?" मी म्हटले, "वहिनी, तसं होऊ शकतं." अण्णांनी हातातला हार खाली ठेवला.

जुनी गाडी घेतली तर घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करून घेण्यासाठी अर्ज द्यावा. विकणाऱ्यानेही त्याच राज्यात १४ दिवसांत कळवावे. विकली म्हणजे सुटलो, असे समजू नये. घरातला मालक वारला तर वारसाने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवून तीन महिन्यांच्या आत नाव बदलून घ्यावे. नूतनीकरणाला शुल्क आणि जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर लागतो. गाडी वीस वर्षांपुढे गेली की शुल्क आणखी वाढते. तेव्हा आधी चौकशी करून तो आकडा खर्चात धरावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना सुरक्षा क्रमांकपट्टी बसवावी लागते. पीयूसी सोबत ठेवावी. आणि आठवी-नववीतल्या पोराच्या हाती दुधाची गाडी देऊ नये. गिअरच्या गाडीचा परवाना वयाच्या अठराव्या वर्षाआधी मिळत नाही. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता निवाड्याकडे वळू. मुलाची बाजूही मी न्यायाने मांडली. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही चालू राहतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक असतो, म्हणजे एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागतो. हे फायदे खरे आहेत. पण नुसत्या पेट्रोलसाठी नवी गाडी घ्यायची असेल तर हिशोब मांडावा. रोज २० किलोमीटर म्हणजे महिन्याला ६०० किलोमीटर. जुनी गाडी लिटरला ४५ देत असेल तर सव्वातेरा लिटरच्या आसपास लागते. नवी ६० देत असेल तर १० लिटर. वाचले सव्वातीन लिटर. लिटरला १०० रुपये धरले तरी महिन्याला सव्वातीनशे रुपये वाचले. आणि हप्ता समजा ३,००० रुपयांचा, २४ महिने, म्हणजे ७२,००० रुपये. सव्वातीनशे वाचवायला तीन हजार भरणे हा शेतकऱ्याचा हिशोब नव्हे. त्यात म्हैस आटली, दुधाचा दर उतरला, तरी हप्ता आटत नाही.

मात्र जुनी गाडी केव्हा सोडावी, हेही माहीत असावे. चासी गंजली असेल किंवा तिला तडा गेला असेल, पुढचे फोर्क वाकले असतील, एकसारखा निळा धूर येऊन ऑइल कमी होत असेल, किंवा सुटे भाग मिळत नसल्याने फिटर कामचलाऊ जोड लावत असेल, तर मायेत पडू नये. ती गाडी रीतसर मोडीत द्यावी आणि नोंदणी रद्द करून घ्यावी. अण्णांच्या गाडीची चासी धड होती, इंजिन चांगले होते. तिचे दुखणे औषधाने बरे होण्यासारखे होते.

शेवटी ठरले ते असे. दसऱ्याला नवी गाडी आणायची नाही. नोंदणी, नाव आणि विमा होईपर्यंत दूध शेजाऱ्याच्या टेम्पोतून पाठवायचे. ब्रेकचे लायनर, मागचा टायर, चेनचा संच, दिवे, साडीगार्ड हे सगळे एकाच वेळी करून घ्यायचे. आणि मुलाची हौस मारायची नाही. जो हप्ता कर्जाला भरला असता, तो दर महिन्याला बँकेत रिकरिंगला टाकायचा. दोन वर्षांनी नवी गाडी रोखीने येईल, व्याज भरण्याऐवजी मिळेल. तेवढा हप्ता दोन वर्षे निघाला नाही, तर कर्जाचाही निघाला नसता, हे आपोआप कळेल. मुलगा थोडा हिरमुसला, पण बँकेत खाते उघडायला दसऱ्यानंतर तोच गेला, असे अण्णांनी मला फोनवर सांगितले.

कार्तिकात त्याच गावी हरभऱ्याचे प्लॉट पाहायला मुक्कामी होतो. पहाटे अण्णांच्या अंगणात उभा असताना मुलगा किटल्या अडकवून निघाला. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या होत्या. वहिनी दारात उभ्या होत्या. गाडीचा लाल दिवा पुलापर्यंत दिसत होता. तो वळणाआड गेल्यावर त्या म्हणाल्या, "आता दिसतोय बघा," आणि धारेची बादली घेऊन गोठ्याकडे वळल्या.

बंधू-भगिनींनो, नांगराला जुंपण्याआधी आपण बैलाचा खूर पाहतो, खांदा पाहतो. बैल म्हातारा झाला म्हणून त्याची लाज वाटत नाही, पण लंगड्या बैलाला कुणी जुंपत नाही. जुन्या गाडीलाही तोच न्याय लावा. तिच्या वयाची लाज नको, तिच्या दुखण्याकडे मात्र काणाडोळा नको.

आज संध्याकाळी दिवेलागणीला एवढे करा. घरच्या माणसाला गाडीवर बसवा, रोजचे ओझे लादा आणि पन्नास पावले मागे जाऊन उभे राहा. मग ब्रेक दाबायला सांगा. लाल दिवा दिसला तर ठीक. नाही दिसला तर उद्याचे दूध निघण्याआधी बल्ब बदला.

कळावे.